डिक्कीवरचा शब्द कोणासाठी?

गाडी घेऊन चौथा महिना लागला होता. रविवारी सकाळी भाचा आला, अंगणात उभ्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मावशी, हे मोनोग्राम काऊन ठेवले? काढून टाकतो नं. हेअर ड्रायर आहे का घरी?"

दोन पुढच्या दारांवर, एक डिक्कीवर; तिन्हींवर एकच शब्द, हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या इंजिनासोबत विजेची मोटरही असलेली गाडी. काढायची रीत त्याला पाठ होती. ड्रायरने पत्रा कोमट करायचा, अक्षरांमागची चिकटपट्टी सैल झाली की नायलॉनचा दोरा करवतीसारखा मागून ओढायचा, राहिलेला डिंक रॉकेलच्या बोळ्याने पुसायचा, वरून पॉलिश. मित्रांच्या चार गाड्या त्याने अशा साफ केल्या होत्या आणि त्या खरंच देखण्या दिसत होत्या. मी त्याला नको म्हटलं. का नको, ते मात्र त्या दिवशी सांगता आलं नाही. नुसतंच 'राहू दे रे' म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

त्याची बाजू लेचीपेची नाही. गाडी माझी, पैसे मी मोजलेले, मग तिच्या अंगावर कोणता शब्द राहावा हे कंपनीने का ठरवावं? जर्मन कंपन्या तर गाडी नोंदवतानाच विचारतात, मागे मॉडेलचं नाव हवं की नको. कायद्याचीही आडकाठी दिसत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आरसीत नोंदलेल्या गोष्टी परस्पर बदलू देत नाही. पण आरसीत इंधन लिहिलेलं असतं, इंजिनाची क्षमता असते, रंग असतो, मोनोग्राम नसतो. तो काढल्याने गाडीच्या कागदातलं अक्षरही बदलत नाही.

आणि दुसरा मुद्दा मिरवण्याचा. तो मला जास्त बोचला, कारण त्यात तथ्य आहे. टोयोटाची प्रायस १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये आली आणि पुढे अमेरिकेत तुफान खपली. त्याच काळात होंडाने सिव्हिकचीही हायब्रिड काढली होती. ती दिसायला साध्या सिव्हिकसारखीच, फरक जवळजवळ त्या मोनोग्रामापुरता. प्रायस मात्र लांबूनच ओळखू येई. सिव्हिक मागे पडली त्याची कारणं अनेक असतील. पण अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रायसच्या खपाचा अभ्यास करून दाखवून दिलं, की पर्यावरणाची काळजी ही जिथे प्रतिष्ठेची गोष्ट आहे त्या भागात लोक ती ओळखू येण्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला तयार होते. पेट्रोल वाचवायचं होतं, आणि ते वाचवताना दिसायचंही होतं. आपल्याकडे तर गाडी म्हणजे पाटी लावायची जागाच झाली आहे. नंबरचे आकडे वाकवून 'दादा' वाचायला लावणाऱ्या प्लेटा, काचेवर 'पोलीस', 'प्रेस', 'महाराष्ट्र शासन'. आमच्या नागपुरात धरमपेठेतून लक्ष्मीभुवन चौकापर्यंत गेलं तर एवढं वाचायला मिळतं. या गर्दीत एखाद्या तरुणाला आपली गाडी कोरी असावी असं वाटत असेल, तर ती चांगली खूण आहे. मी भाच्याला त्यासाठी नावं ठेवणार नाही.

मग मत कशाने ठरलं? बुटीबोरीच्या एका संध्याकाळी.

कामावरून निघाले आणि गाडी सुरूच होईना. हायब्रिडमध्येही एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते, ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ओळखीच्या गॅरेजवाल्याने क्रेन पाठवली. क्रेनवरचा माणूस पन्नाशीचा. उतरला, सवयीने गाडीच्या मागच्या बाजूला हूक घेऊन गेला, आणि थांबला. डिक्कीवर टॉर्च मारला. "मॅडम, हे हायब्रिड हाय नं? मंग पुढचे चाकं वर घ्या लागते. नाही त मोटर जाते." क्रेन फिरवून त्याने पुढून घेतली. वर्धा रोडने मनीषनगरपर्यंत मी त्याच्या शेजारी बसून आले, आणि वाटेत त्यानेच मला माझी गाडी समजावून सांगितली.

तो म्हणाला ते बरोबर होतं, पुढे मी पुस्तिकेत वाचलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे नुसत्या मोटरवरही काही अंतर जाणाऱ्या, गाड्यांत विजेची मोटर गिअरबॉक्समध्येच, चाकांशी जोडलेली असते. ब्रेक मारताना चाकं तिला फिरवतात आणि ती वीज तयार करून बॅटरीत पाठवते. नागपूरसारख्या सिग्नल-सिग्नलला थांबणाऱ्या शहरात ॲव्हरेज मिळतं ते त्यामुळेच. बंद पडलेली गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तरी मोटर फिरतेच आणि वीज तयार होतेच, पण ती सांभाळणारी यंत्रणा तेव्हा झोपलेली असते. गाडी जळू शकते. क्रेनवाल्याने हे कुठल्या वर्गात शिकलं नव्हतं; आधी एकदा चूक झाली होती, मालकाने भरपाई मागितली होती, तेव्हापासून तो आधी डिक्की वाचतो.

तो शब्द माझ्यासाठी नव्हताच, हे मला त्या क्रेनमध्ये बसल्यावर कळलं. माझी गाडी हायब्रिड आहे हे मला रोज स्टिअरिंगसमोर दिसतं. शेजाऱ्यांसाठीही तो नाही. त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'चार्जिंग कुठे करता?' विचारून घेतलं, आणि ही गाडी कुठेच लावून चार्ज करत नाहीत, पेट्रोलच भरतात, हे ऐकून जरा हिरमुसले. तो शब्द आहे गाडीला जे अनोळखी हात लागतात त्यांच्यासाठी. क्रेनवाला, पंक्चरवाला, नो पार्किंगमधून गाडी उचलणारी पोरं, जम्पर केबल घेऊन मदतीला धावणारा शेजारचा गाडीवाला, अपघातात काच फोडणारा ट्रकचालक. यांपैकी कोणीही आरसी मागून बघत नाही.

डिझेल गाडीच्या टाकीच्या झाकणावर 'डिझेल' असं लिहिलेलं असतं. ते विद्रूप दिसतं म्हणून खरवडून काढणारा मालक मी पाहिला नाही. पंपावरच्या पोराने घाईत पेट्रोल सोडलं तर इंजिन गेलं, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते स्टिकर कोणाला जाहिरात वाटत नाही. हायब्रिड हा शब्दही त्याच जातीचा आहे. फक्त त्याचं काम अजून आपल्याला रोजच्या अनुभवातून कळलेलं नाही.

त्यातलं सर्वांत गंभीर काम अपघाताच्या वेळचं. साध्या गाडीत विजेचा धोका म्हणावा असा नसतो, १२ व्होल्ट म्हणजे काहीच नाही. स्ट्राँग हायब्रिडच्या मागच्या सीटखाली किंवा डिक्कीखाली दीडशे-दोनशे व्होल्टच्या घरातली बॅटरी असते, आणि मोटरकडे जाताना हा दाब आणखी वाढवलेला असू शकतो. त्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. जगभर हाच रंग पाळतात, म्हणजे कापणाऱ्याने त्यांना हात लावू नये. अपघातात एअरबॅग उघडल्या की ही वीज आपोआप तुटेल अशी सोय कंपन्यांनी केलेली असते, त्यामुळे मी कोणाला घाबरवत नाही. रस्त्यावरच्या हायब्रिड गाड्या काही विजेचे सापळे नाहीत. पण सोय आहे म्हणून माहिती नको, असं होत नाही. त्याहून साधा धोका वेगळाच. हायब्रिड गाडी सुरू असली तरी इंजिन गप्प असू शकतं. आवाज नाही म्हणून बंद आहे असं समजून कोणी पुढे उभं राहिलं, आत अडकलेल्याचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला गेला, तर गाडी आवाज न करता पुढे सरकेल.

आपल्याकडे अपघाताच्या जागी आधी पोचतं कोण? समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. पुढच्याच वर्षी १ जुलैच्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. ती डिझेलची बस, तिचा हायब्रिडशी संबंध नाही. मी ती आठवते ती एवढ्यासाठी, की त्या रस्त्यावर गावं लांब आहेत, आणि अशा वेळी पहिली मिनिटं असतात ती जवळच्या शेतातल्या माणसांची आणि मागून येणाऱ्या गाड्यांची. अग्निशमनचा प्रशिक्षित जवान नारिंगी तार ओळखेल. शेतकरी कसा ओळखेल? त्याच्यासमोर गाडीचा मागचा पत्रा असतो आणि त्यावर जे लिहिलं असेल ते.

आणि २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तर नागपूरकरांना सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. सकाळी गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या. त्या सकाळी आम्ही सगळ्यांनी हेच केलं: दिसेल ती गाडी ढकलली, दार उघडलं, बॉनेट उचललं, जमलंच तर सुरू करून पाहिली. बुडालेल्या हायब्रिडबाबत यातली शेवटची गोष्ट मुळीच करायची नसते. गाळाने माखलेल्या त्या गाड्यांमध्ये कोणती काय आहे हे कोणाला कळत होतं? अक्षरं तेवढी पुसली तर कळू शकत होतं.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मजबूत आहे. परदेशात बचाव पथकांना शिकवतात, की मोनोग्राम नाही म्हणून गाडी हायब्रिड नाही असं कधी धरू नका, कारण लोक ते काढतात. मग ज्याच्यावर विसंबायचंच नाही ते ठेवून काय उपयोग? मला वाटतं यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. मोनोग्राम नसण्यावरून काही ठरवू नये, हे खरं. पण मोनोग्राम असला तर तो ताबडतोब सावध करतो, हेही तितकंच खरं. काढणारे जितके वाढतील तितकी ही खूण दुबळी होत जाईल. एकट्या माझ्या गाडीने काही बिघडत नाही, असं प्रत्येक जण म्हणू शकतो. रस्त्यात डावीकडून चालायचा नियमही एकट्याने मोडला तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

आता ज्या गोष्टीने या खुणेची किंमत खरोखर घालवली, तिच्याबद्दल. ती मालकांनी घालवली नाही, कंपन्यांनी घालवली.

हायब्रिड म्हणजे दोन गोष्टी असू शकतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. स्ट्राँग हायब्रिड निव्वळ मोटरवर, इंजिन बंद ठेवून, काही अंतर चालते. माइल्ड हायब्रिडमध्ये एका पट्ट्याने इंजिनाला जोडलेला स्टार्टर-जनरेटर असतो. तो सिग्नलवर बंद झालेलं इंजिन हलकेच पुन्हा सुरू करतो, वेग घेताना थोडा हातभार लावतो, बस. त्याच्या जोरावर गाडी एक फूटही पुढे जात नाही. २०१५ मध्ये मारुतीने सियाझ आणि अर्टिगावर एसएचव्हीएस हा मोनोग्राम लावला, त्यातला एच हायब्रिडचा. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांसाठी केंद्राची फेम योजना त्याच वर्षी १ एप्रिलला सुरू झालेली. माइल्ड हायब्रिडला त्यात सवलत मिळाली आणि बरोबर दोन वर्षांनी, १ एप्रिल २०१७ पासून, सरकारनेच ती काढून घेतली. म्हणजे हा शब्द या गाड्यांना शोभत नाही हे सरकारला तेव्हाच उमगलं होतं. पण सवलत काढली, शब्द तसाच राहिला. आज एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार विकले जातात. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा कंपनीने सांगितलेला ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर, त्याच गाडीच्या माइल्डला शोरूममध्ये 'स्मार्ट हायब्रिड' म्हणतात. गिऱ्हाइकाला दोन्ही हायब्रिडच. क्रेनवाल्यालाही दोन्ही हायब्रिडच. आणि ज्या क्रेनवाल्याने दहा माइल्ड गाड्या मागून उचलल्या आणि त्यांना काही झालं नाही, तो अकराव्या, खऱ्या हायब्रिडच्या मोनोग्रामकडे बघेल कशाला?

कर आकारणाऱ्यांनीही हा फरक जपलेला नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मोठ्या हायब्रिडवर २८ टक्के आणि वर १५ टक्के सेस, म्हणजे ४३. सप्टेंबर २०२५ मधल्या फेरबदलानंतर चार मीटरहून लांब हायब्रिडवर ४० टक्के. तेवढाच कर निम्माही ॲव्हरेज न देणाऱ्या मोठ्या पेट्रोल एसयूव्हीवर. इलेक्ट्रिकवर ५. आपल्याच शहरातून निवडून जाणारे नितीन गडकरी हायब्रिडवरचा कर कमी करा म्हणून जाहीरपणे सांगत आले आहेत. ती मागणी योग्य की अयोग्य हा वेगळा लेख होईल. इथे एवढंच, की शासनाच्या कागदावर हा शब्द पुसट आहे, म्हणून पत्र्यावरही तो पुसट झाला.

वास्तविक गाडीची जात पत्र्यावर दाखवायची शासनाला चांगली सवय आहे. इलेक्ट्रिक गाड्यांना २०१८ पासून हिरवी नंबर प्लेट आहे. ती दुरून दिसते, मालकाला काढता येत नाही, आणि तिच्यावर कोणत्याही कंपनीची जाहिरात नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना काचेवर होलोग्रामचा स्टिकर आला: पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी, बाकीच्यांना करडा. या तीन रंगांत हायब्रिडला स्वतःचा रंग नाही. दूरच्या कॅलिफोर्नियाने एकेकाळी एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखीव मार्गिकेतून हायब्रिड गाड्यांना एकट्या चालकासहही जायची मुभा दिली होती, तेव्हा त्यांनी कंपनीच्या मोनोग्रामवर भरवसा ठेवला नाही. सरकारचा पिवळा स्टिकर छापला, मोजून दिला, आणि २०११ च्या जुलैत सवलत संपली तेव्हा तो निरुपयोगी ठरवला. खूण कोणाची आणि कशासाठी हे तिथे स्पष्ट होतं.

तसं काही आपल्याकडे व्हावं, अशी माझी मागणी आहे. मोटरवर स्वतंत्रपणे चालू शकणाऱ्या गाडीलाच हायब्रिड म्हणता येईल, असा नियम करावा आणि तिच्या मागच्या नंबर प्लेटवर एक ठरलेली खूण असावी. इतर गाड्यांनी तो शब्द पत्र्यावर लावू नये. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रात जुन्या गाड्यांच्या प्लेटा बदलण्यासाठी लोकांनी रांगा लावल्याच होत्या, त्याच प्लेटवर बोटभर जागा पुरे. हे झालं की मोनोग्राम ठेवायचा की काढायचा हा प्रश्न खरोखरच मालकाच्या आवडीचा होईल, आणि भाच्याला ड्रायर मी स्वतः काढून देईन.

तोपर्यंत मात्र डिक्कीवरचा राहू द्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे. बाजूच्या दोन दारांवरचे काढायला माझी हरकत नाही. क्रेनवाला मागून येतो, मागचा गाडीवाला मागून बघतो. दारांवरची अक्षरं त्यांच्या उपयोगाची नाहीत, ती बहुतेक आमच्यासारख्यांना सुखावण्यासाठीच आहेत. भाच्याने ती दोन्ही दिवाळीआधी काढली. आधी पत्र्याला आरपार पिना नाहीत ना, हे त्याने बोटाने चाचपून बघितलं, कारण असल्या तर भोकं उघडी पडतात आणि पहिल्या पावसात गंज धरतो. एका उन्हाळ्याच्या उन्हात बाकीचा रंग किंचित उतरला होता. अक्षरांखालचा गडद राहिला होता, म्हणून अजूनही तिरप्या उजेडात तिथे शब्द वाचता येतो.

ते बघायला शेजारचे काका आले होते. त्यांची गाडी माइल्ड. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, मग माझ्या गाडीवरचा? मी म्हटलं, काका, तुमचा काढा. त्यांना राग आला. "मी कशाला काढू? कंपनीनं लावला, शोरूममध्ये हायब्रिड म्हणून विकली, मी हायब्रिडचे पैसे दिले. काढायचा असेल तर त्यांनी येऊन काढावा." मी त्यावर काही बोलले नाही, कारण त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं मला काही सुचलं नाही.